रनचा पाढा

इंग्रजी भाषेने मला जन्मात जेवढं छळलं, त्यातला निम्मा छळ एकट्या एका शब्दाने केला आहे. शब्द एवढासा: रन. पहिल्या दिवशी मी तो फळ्यावर लिहिला, रन म्हणजे धावणे असं सांगितलं, मुलांनी माना डोलावल्या आणि मला वाटलं, चला, एक शब्द मार्गी लागला. पुढचं सगळं वर्ष तो शब्द माझ्या मानगुटीवर बसून होता.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. इंग्रजी तेव्हा आठवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे मिसरूड फुटायच्या बेतात आलेली पोरं ए बी सी डी गिरवायला बसायची आणि चार वर्षांत त्यांना मॅट्रिकच्या परीक्षेला उभं करायचं. हे ज्या कुणी ठरवलं त्याला एकदा आमच्या वर्गावर पाठवायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. मी धुळ्याचा. पांझरेच्या काठी वाढलो, तिथेच शिकलो. नोकरी मिळाली ती मात्र पूर्व खानदेशात, एरंडोलपासून आत असलेल्या एका खेड्यात. एस.टी. एरंडोलला सोडायची. पुढे मिळेल ती बैलगाडी, नाहीतर आपले पाय.

गावकऱ्यांनी हौसेने हायस्कूल काढलं होतं, पण इमारत नव्हती. आमची आठवी एका कापसाच्या वखारीत भरायची. हंगाम आला की अर्ध्या वखारीत कापूस आणि अर्ध्यात आम्ही. तंतू नाकात जायचे, पोरं शिंकायची, मी खोकायचो आणि या सगळ्यातून इंग्रजी शिकवायचो.

पुस्तकातल्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यात नदी आली, तीही रन. पुढे मोटार आली, ती रन. कुणाचा काका दुकान चालवत होता, त्यालाही रनच. एका गोष्टीत विहीर आटली होती, तिथे पुन्हा हाच शब्द. मी भाषांतर करायला दिलं आणि वह्या तपासायला घेतल्या, तर एकाची विहीर कोरडी धावली होती, एकाचा काका दुकान घेऊन पळाला होता. मी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावरच्या एका पोराने उभं राहून विचारलं, "मास्तर, इंग्रजस्कडे शब्द कमी व्हतात का?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं असतं, पण प्रश्न खरा होता आणि उत्तर माझ्याकडे धड नव्हतं. रात्रभर चडफडलो. सकाळी सुचलं. वर्गात जाऊन फळ्यावर मराठी शब्द लिहिला: लागणे. म्हटलं, भूक लागते, ठेच लागते, आग लागते, ऊन लागतं, नोकरी लागते, झाडाला फळ लागतं, एखाद्याला वेड लागतं. कुणी शिकवलं हे तुम्हाला? कुणी नाही. वाक्यात काय चाललंय ते तुम्ही बघता आणि अर्थ आपोआप कळतो. रनचंही तसंच. आधी थांबा. कोण धावतंय ते बघा. माणूस आहे, पाणी आहे, की दुकान आहे? मग बोला.

माझी शिकवण्याची सगळी पद्धत ही एवढीच: थांबा, बघा, मग बोला. मला तिचा फार अभिमान वाटला त्या दिवशी. वर्गाने वहीत लिहून घेतलं, 'लागणे म्हणजे रन.'

एकटीला कळलं. वर्गात मुली मोजक्याच होत्या, त्यातली ही एक. उंच, सावळी, बोलायला हळू. प्रश्न विचारला की ती वर वखारीच्या आढ्याकडे बघायची. इतका वेळ बघायची की आपल्याला वाटावं, हिला काही येत नाही, बसवावं हिला. आणि मग खाली बघून ती जे सांगायची ते बहुतेक वेळा नेमकं असायचं. एकदा तास संपल्यावर ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, नवं लुगडं धुतलं का लाल रंग दुसरा कपडास्ले लागस. त्याले बी रनच म्हनतस का?"

हे पुस्तकात नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. तिने ते आपल्या घरच्या धुण्यातून उचललं होतं. मी "हो" म्हणालो आणि त्या दिवशी खोलीवर परत जाताना एकटाच हसत होतो. मास्तरकी करणाऱ्याला असा दिवस फार थोड्या वेळा मिळतो.

वखार तिच्या वडिलांची. गाव त्यांना आबा म्हणायचं. कपाशीची मोठी शेती, थोडी केळी, स्वतः अक्षरशत्रू, पण शाळेसाठी वखार फुकट दिली होती आणि वर आपली मुलगी त्याच शाळेत घातली होती. त्यावरून भाऊबंदांनी त्यांना टोचून खाल्लं होतं, मोठी पोर कुणी शाळेत धाडतं का म्हणून. आबांनी त्यावर एक तोड काढली होती आणि ती मला दिवाळीच्या सुमाराला सांगितली.

"मास्तर, साहेब तपासनीले येतीन तवय मी सोता मांगे बससू. पोरले येस आसं दिसनं तर नववीमा बसाडसू. नई येस आसं दिसनं तर घर. मंग मले कोन्ही बोल लावाले नको."

म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येतील त्या एका दिवसावर त्या मुलीचं पुढचं शिक्षण येऊन ठेपलं होतं. मी म्हटलं, आबा, काही काळजी करू नका, वर्गात तिच्याइतकं कुणाला येत नाही. आबांना बरं वाटलं. खरं तर मलाच जास्त बरं वाटलं.

आता आमचे हेडमास्तर. गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणायचो. नाना जुन्या मराठी शाळेतले. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, सगळं त्यांच्या जिभेवर. त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा जळगावच्या बाजारात कापसाचा भाव तोंडी करायचा, असा त्यांचा लौकिक. दिवेलागणीला मारुतीच्या पारावर ते गावातल्या पोरांचा परवचा घ्यायचे. पोरं ओळीने मांडी घालून बसत आणि एका सुरात पाढे म्हणत. त्याचा नियम सगळ्या गावाला ठाऊक होता: जो अडखळला, त्याला आलं नाही. त्याने कान धरायचे आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसायचं. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाढ्यातलं ओ की ठो कळत नसे, पण अडखळलेला पोरगा त्यांना बरोबर कळायचा. गावात हुशारी मोजायचं हेच माप होतं.

नानांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणी सांगायचे. पण तपासणी जवळ आली तशी त्यांना काळजी लागली. नववीचा वर्ग मंजूर व्हायचा तर साहेब खूश व्हायला हवे होते. एक दिवस त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल घातलेला ठेचा. मी पोटभर जेवलो आणि मग त्यांनी विचारलं, "ते रन-रन काय चाललंय तुमचं? पोरांना येत नाही म्हणतात."

मी सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच ना? अर्थ किती असतील ते असू देत. मला सगळे लिहून द्या. मी पाढा बांधून देतो."

मी खूप वाद घातला. अर्थ पाठ करून उपयोग नाही, वाक्य बघावं लागतं, अर्थ वाक्यात असतो. नाना माझ्याकडे प्रेमाने बघत राहिले. "मास्तर, तुम्ही तरुण आहात. आधी पाठ, मग समज. समज काय, ती येते मागून." आणि नानांच्या सौभाग्यवतींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ज्याच्या घरचं अन्न पोटात आहे त्याच्याशी किती भांडणार? मी यादी लिहून दिली.

आठवड्याच्या आत पारावर पाढा सुरू झाला. रन म्हणजे धावणे, रन अवे पळून जाणे, रन आऊट संपून जाणे, रन ड्राय आटून जाणे, रन ओव्हर चिरडून जाणे. नानांनी पहिला सोडून सगळ्यांच्या शेवटी 'जाणे' बसवून तो असा घोटून दिला होता की जिभेवरून तो खाली उतरायलाच तयार नव्हता. आठवीची पोरं म्हणायला लागली, मग सहावीची, मग ज्यांना अजून बाराखडी येत नव्हती ती. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया म्हणायला लागल्या. एक दिवस गुरं घेऊन चाललेला गुराखी माझ्याकडे बघून 'रन अवे पळून जाणे' म्हणाला आणि रामराम घातला. मी त्याला उलट रामरामही घातला नाही, इतका संतापलो होतो.

संताप कसला? पोरांना मधलं काही विचारलं की ती पहिल्यापासून सुरुवात करायची. 'रन ड्राय' विचारलं तर रन म्हणजे धावणे पासून निघून आटून जाणे येईपर्यंत पळत यायची आणि तिथे न थांबता पुढे जायची. आणि वाक्य दिलं तर काहीच नाही. पण गाव खूश होतं. हेडमास्तर खूश. पोरं तर भलतीच खूश, कारण थांबा, बघा, बोला यातून त्यांची सुटका झाली होती. ती एक मुलगी तेवढी पाढा म्हणत असताना मध्येच गप्प व्हायची आणि आढ्याकडे बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "'संपून जाणे' आणि 'आटून जाणे' एकच शे ना मास्तर? मंग दोनदा काबर म्हनतस?" मी तिला म्हटलं, "तू पाढ्याच्या नादाला लागू नकोस. साहेब वाक्य विचारतील. तू थांब, बघ, मग बोल."

तपासणीच्या दिवशी वखार शेणाने सारवली होती. कापसाच्या ढिगावर ताडपत्री. मागे भिंतीशी गावची मोठी माणसं, मधोमध आबा, डोक्याला स्वच्छ फेटा. साहेब जळगावहून जीपने आले होते, उन्हाने कावलेले, आणि त्यांना अंधार पडायच्या आत आणखी एक शाळा उरकायची होती. नानांनी त्यांच्या हातात उसाचा रस दिला आणि म्हणाले, "साहेब, पोरांचं इंग्रजी ऐका."

वर्ग उठला आणि पाढा सुरू झाला. साऱ्या वखारीत तो घुमला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते पायाने ताल धरायला लागले. तेही बहुधा अशाच कुठल्या तरी पारावर बसून शिकलेले असणार. मागे म्हातारी माणसं माना डोलवत होती.

"वा!" साहेब म्हणाले. "आता एक वाक्य विचारतो." आणि त्यांनी मला हवं होतं अगदी तसं वाक्य विचारलं: द रोड रन्स अलाँग द रिव्हर. हे पाढ्यात नव्हतं. हे फक्त एकीला येणार होतं.

पुढच्या बाकावरचा पोरगा ताडकन उठला. "रस्ता नदीच्या बाजूने धावून जाणे!"

"ठीक. जरा चुकलं, पण तयारी आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "तू?"

ती उभी राहिली. वाक्य हलक्या आवाजात एकदा म्हणाली. आढ्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं ती काय करते आहे. ती रस्ता बघत होती, नदी बघत होती, कोण धावतंय ते बघत होती. पण मागच्या भिंतीशी बसलेल्या माणसांना एकच दिसत होतं, की पोर अडखळली. कुणीतरी खाकरलं. आबांनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात तिला ढकलत होतो, बोल, आता बोल.

"रस्ता नदीच्या काठाकाठानं जातो," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध वर्षात माझ्या वर्गात उच्चारलेलं ते सर्वांत चांगलं वाक्य होतं.

"हां, बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण बेटी, तयारी कमी आहे. पटकन यायला हवं. त्या मुलासारखं." आणि रसाचा पेला खाली ठेवून ते सही करायला वळले. नववी मंजूर झाली. नानांनी मला मिठी मारली. मी लाकडासारखा उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवडाभर वाट बघितली आणि मग मीच आबांच्या घरी गेलो. अंगणात कपाशीच्या पऱ्हाटीचा ढीग, ओट्यावर आबा. मी सगळं समजावलं. उत्तर तिचंच बरोबर होतं, त्या पोराचं चूक होतं, साहेब स्वतः बरोबर म्हणाले. आबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. ते काही दुष्ट नव्हते. पोरीवर त्यांचा जीव होता आणि गेला आठवडा त्यांनाही जड गेला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी बठ्ठं आयकं, मास्तर. बठ्ठा पोऱ्या धडाधडा बोलनात. मनी पोर थांबी गई. बठ्ठा गावनी देखं." आणि मग माझ्याकडे वळून, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "जे येस, ते बोलाले टाईम लागस का?"

मी म्हणालो, लागतो आबा, खरं येतं तेव्हाच लागतो. हे म्हणताना माझं मलाच कळत होतं की हे त्या ओट्यावर कुणाला पटणार नाही. मला भयंकर राग आला होता. राग साहेबांचा होता, नानांचा होता, त्या पाराचा होता, आणि आबांचा करायला जावं तर करता येत नव्हता.

तेवढ्यात ती चहा घेऊन बाहेर आली. दारामागून तिने सगळं ऐकलं असणार. कप माझ्यापुढे ठेवला, दोन पावलं मागे गेली, हात जोडले, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली आणि एका दमात सुरू झाली. रन म्हणजे धावणे, रन अवे पळून जाणे, रन आऊट संपून जाणे. एकदाही न थांबता, एकदाही वर न बघता, नानांच्या सुरात, पोरांपेक्षा दुप्पट वेगाने. शेवटचं 'जाणे' झालं आणि तिने श्वास घेतला.

आबांचा चेहरा फुलला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "आते देखा! आते उनं!" पोरीला आता आलं, म्हणत त्यांनी शेजाऱ्याला हाक मारून बोलावलं आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं. "सोमवारपाईन येई ती शाळामा," आबा मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चहा तसाच ठेवून उठलो.

सोमवारी ती आली. मी मुद्दाम फळ्यावर नवं वाक्य लिहिलं, गाडीवाट कपाशीच्या शेतातून जाते अशा अर्थाचं, त्यातही तोच शब्द घालून. आणि तिलाच उठवलं. मला पुन्हा एकदा तिला आढ्याकडे बघताना बघायचं होतं. ती उठली, हात जोडले आणि म्हणायला लागली, रन म्हणजे धावणे, रन अवे पळून जाणे. वर्गाने सूर धरला.

मी ओरडलो, "थांब! थांब ना जरा. बघ वाक्याकडे."

वर्ग गप्प झाला. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मास्तर, थांबनू तर आबा घर बसाडतीन."

मी तिला बसायला सांगितलं, वाक्य पुसलं आणि पुढचा धडा काढला.